एक, तीन, सात

प्रवेशाची यादी लागली की आमच्या सर्व्हरवर हजारो मोबाइल एकदम तुटून पडायचे. त्या दुपारी मदतकक्षातून फोनवर फोन सुरू झाले, "सर, पान उघडतच नाहीये हो!" इकडे टॉप कमांड लावून बघतोय तर सीपीयू निवांत, मेमरी मोकळी. लॉगही सांगत होता की प्रत्येक रिक्वेस्ट पन्नास मिलिसेकंदांच्या आत उरकतेय. "लोकांचंच नेट स्लो असेल," असं कुणीतरी म्हणालंच.

मी बाहेरच्या एका मशीनवरून कर्ल चालवलं आणि नुसतं कनेक्शन जुळायला किती वेळ लागतो ते पाहिलं. काही झटकन जुळत होती, उरलेली एक, तीन नाहीतर सात सेकंदांच्या आसपास. मधले आकडे जवळपास नव्हतेच. नेट खराब असतं तर आकडे कसेही विखुरले असते. तेव्हाच्या लिनक्समध्ये कनेक्शन मागणाऱ्या पहिल्या सिन पॅकेटला उत्तर आलं नाही, तर ते एका सेकंदानं पुन्हा जायचं, मग आणखी दोन, मग चार सेकंदांनी. बेरीज एक, तीन, सात. म्हणजे पॅकेट दारातच गळत होती.

एसएस कमांडनं लिसनिंग सॉकेटची रांग पाहिली. मर्यादा 128, रांगेत 129. या रांगेची कमाल मर्यादा ठरवणारा सोमॅक्सकॉन जुन्या कर्नलमध्ये 128च असायचा. 2019 साली आलेल्या 5.4 मध्ये तो 4096 झाला. रांग भरली की कर्नल नवी सिन पॅकेट मुकाट टाकून देतो. लॉगचं घड्याळ मात्र ॲप्लिकेशननं कनेक्शन उचलल्यावर सुरू होतं. डॉक्टर केबिनमधली मिनिटं मोजणार. बाहेरच्या बाकावर गेलेला तास त्यांच्या हिशेबात कुठून येणार?

मर्यादा वाढवली, पण तेवढ्यानं बाक लांब झाला असता, इतकंच. रांग उपसली का जात नव्हती? ॲप्लिकेशनचे थ्रेड तपासले, तर बहुतेक नुसते बसून होते. काम संपलं तरी कीप-अलाइव्हमुळे एकेका मोबाइलचं कनेक्शन धरून पुढच्या रिक्वेस्टची वाट बघत होते. सीपीयू निवांत होता तो म्हणूनच. मग ॲप्लिकेशनच्या पुढे एनजिनएक्स बसवला. तो ईपोल वापरून हजारो शांत कनेक्शनं मोजक्या प्रोसेसमध्ये सांभाळतो. मागच्या थ्रेडकडे फक्त खरं काम जातं. पुढच्या यादीला ते तीन आकडे दिसले नाहीत.

आता "सर्व्हर स्लो आहे" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, वेळ कुठून मोजला? आतून मोजला असेल, तर तो बाजूला ठेवतो आणि लिसन ओव्हरफ्लोचा आकडा चढतोय का ते बघतो.