बाळापूरची छत्री आणि लुईचं कपाट

अकोल्याहून खामगाव रोडने निघालात की तासाच्या आत बाळापूर. मिर्झाराजे जयसिंगांची दगडी छत्री बघताना, खरं सांगायचं तर, मला फ्रेंच कपाट आठवलं! जयसिंग १६६७ मध्ये गेले; पाचच वर्षांनी चौदाव्या लुईने आंद्रे-शार्ल बूल या कारागिराला लूव्ह्रमध्ये जागा दिली. त्याने वापरलेली आयडिया भन्नाट: पितळेचा पत्रा आणि कासवाचं कवच एकावर एक ठेवून एकदमच कापायचं. एका कापात दोन उलटसुलट डिझाइन्स!

गोची एकच. खालचं लाकूड आकसतं-फुगतं, पितळ तसं वागत नाही, मग नक्षी उचकटते. वऱ्हाडातला मे महिना या कपाटाने काढलाच नसता. आपली छत्री मात्र मान नदीकाठी ऊन-पाऊस झेलत उभी आहे. हॉक्सबिल कासवाच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता बंद, त्यामुळे अस्सल नवं बूल-कपाट विसराच. बाळापूरला मात्र जाऊन या. सकाळीच जा, दुपारी दगड चांगलाच तापतो.