गोठा आधी, घर मागनं

आमच्या घराचं वय कुणी विचारलं की आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, छपराकडं बोट करायचे. सोप्यातल्या एका कौलाच्या पोटावर आकडा उठलेला होता: १८६५. पोरपणी तो शाळेत सांगून मी भाव खाल्लाय. पुढं वाटण्या झाल्या. कोल्हापूरजवळच्या कळंब्यातलं ते जुनं घर आणि मागचं परडं माझ्याकडं आलं. उतरवायचं तर ठरलंच होतं; त्याआधी एकदा सगळ्याचं माप घेऊन ठेवावं असं वाटलं. मी काही वास्तुतज्ज्ञ नव्हे. शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळं पट्टी-पेन्सिल तेवढी हातात बसते. टेपचं दुसरं टोक धरायला गावातले एक म्हातारे गवंडी मिळाले. ते मला मास्तर म्हणायचे, मी त्यांना मामा.

पहिला दणका कौलानंच दिला. खाली काढून धुतलं तर आकड्याशेजारी बासेल मिशनचं नाव निघालं. या मिशननं मंगळूरला जेप्पू इथं कौलांचा कारखाना काढला, तो १८६५ साली. म्हणजे ती जन्मतारीख कारखान्याची. आम्ही ती पिढ्यान्‌पिढ्या घराची म्हणून मिरवली! कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ मध्ये. असलं वजनदार, फुटणारं सामान त्याआधी बैलगाडीनं घाट चढून शेतकऱ्याच्या आढ्यावर बसलं असेल, हे मला तरी पटत नाही. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने इंग्रज सरकारनं ताब्यात घेतले आणि पुढं कौलांवरचं नावही बदललं. तेव्हा आमचं छप्पर या दोहोंच्या मधलं धरायचं. कोल्हापुरातली शाहूपुरीची पेठ १८९५ ची. तिथं गुळाला हक्काचा बाजार मिळाला आणि त्या पैशातनं घरावर मंगळुरी कौलं चढली, असा माझा कयास. कयासच तो, कौलं एका छपरावरची दुसऱ्यावर जातात.

दोन दिवस सोपा, माजघर, माळा, न्हाणी असं मोजत गेलो. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, रुंदी सव्वादोन फूट. परड्यात शेणीच्या हुडव्याची जागा आणि कडब्याची व्हळी रचायचा दगडी ओटा. मळ्यातल्या गुऱ्हाळाचं तर चुलवाणाचं भगदाड तेवढं उरलंय. काहील कधीच भंगारात गेली.

तिसऱ्या दिवशी गोठ्यात शिरलो. गोठ्यावर मंगळुरी नव्हे, कुंभाराची नळीची कौलं. गरिबीचं छप्पर जनावरांना, एवढाच अर्थ मी लावला होता. मामा मात्र घर आणि गोठा जिथं भेटतात त्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि सांध्यातली माती थापीच्या टोकानं उकरायला लागले.

"मास्तर, हितं बघा. दगडात दगड गुंतवलेला न्हाई. जुन्या भितीला नवी नुसती टेकवलीया."

"मग?"

"मग काय! जुनी भीत गोठ्याची हाय. घर गोठ्याला लावून बांधलंय, गोठा घराला न्हवं."

मी बॅटरी वर मारली. वासे काळेकुट्ट. बोट फिरवलं तर चिकट काजळी, तीसुद्धा एकाच कोपऱ्यावर दाट. "जनावरं चूल पेटवत न्हाईत," मामा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. त्याच कोपऱ्यापासून हातभर अंतरावर, पूर्वेच्या भिंतीत, छातीएवढ्या उंचीवर कोनाडा होता. त्यात आम्ही इतकी वर्षं पेंडीची वाटी आणि जनावरांच्या गोळ्या ठेवत आलो. आतून मात्र तो गुळगुळीत चुन्याचा, वर छोटी कमान. गोठ्यात इतकं निगुतीनं कोण काम करील?

तेवढ्यात कुठंतरी वाचलेलं आठवलं. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर असली जुनी घरं आहेत: एकच लांब इमारत, वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गुरं, म्हणजे मूत आपसूक बाहेर वाहून जातं. मी लगेच लाकडी पट्टीवर पाणसळ ठेवून पाहिली. आमच्या गोठ्याची फरशीही कोनाड्याकडून दावणीकडं उतरत होती, बारा फुटांत जवळजवळ सहा इंच. एका टोकाला चूल नि देव, दुसऱ्या टोकाला बैल. आमचं पहिलं घर ते हेच. पुढं गुळाचा पैसा आला, माणसं शेजारच्या नव्या सोप्यात सरकली आणि बैल तिथंच राहिले.

संध्याकाळी आण्णांकडं गेलो. आकड्याची गोष्ट ऐकून ते जरा खट्टू झाले, पण काजळीचं सांगितल्यावर उठून बसले. "आई गोठ्यात पायताण घालून जाऊ द्यायची न्हाई," ते म्हणाले. "बेंदराला पहिली पणती तिथं, मग देवघरात. आम्हाला वाटायचं, बैलांचं म्हणून."

चैत्रात घर उतरवलं. कौलं एका गुऱ्हाळवाल्यानं नेली, तुळया विकल्या. इंजिनिअरनं नव्या नकाशात गोठ्याच्या जागी पार्किंग काढलं होतं, ते मी रस्त्याच्या अंगाला घ्यायला लावलं. आजूबाजूच्या अपार्टमेंटमधले लोक विचारतात, हे पडकं कशाला ठेवलंय? मापाच्या कागदावर त्या खोलीत लिहिलेलं 'गोठा' मी खोडलंय. त्या जागी काय लिहावं, ते अजून ठरत नाही.