पुणे ते कुंभोज : मल्लांच्या वाटेवर

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. पहाटे मोटारीने निघालेल्या दांपत्याला साताऱ्यात कंदी पेढे मिळतात. पुढे कांदा-लसणाच्या झणझणीत रश्श्याच्या मुलखात घरची दशमी आणि खाखरा हाच भरवशाचा आधार.

कऱ्हाडनजीकचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्यांच्या त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गहाणखताचा अर्थ व्यापारी घराला निराळा सांगावा लागत नाही. नफ्याची कोणतीही अपेक्षा नसताना विद्यार्थ्याच्या गुणांवर लावलेले ते भांडवल होते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान अवश्य पाहावे. मध्ये आखाडा आणि सभोवती चढत गेलेली बैठक. त्यामुळे अगदी मागच्या प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. मात्र सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे, तर येथे फार रेंगाळून चालत नाही.

तेथून सुमारे तीस किलोमीटरवर कुंभोजची बाहुबली टेकडी. तेथील अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्तीपुढे दिवसभराची मल्लकथा वेगळ्याच अर्थाने पूर्ण होते. भगवान बाहुबलींनीही मल्लयुद्धात भरताला जिंकले होते. आणि जिंकलेले राज्य तेथेच सोडून ते तपाला उभे राहिले.