डाग, आईची कोसा साडी आणि माझा जुना लेख

आधी एक कबुली देते. ‘हट्टी डाग घालवण्याचे सोपे घरगुती उपाय’ अशा धाटणीचे लेख मी पैसे घेऊन लिहिले आहेत, आणि त्यातला एकही उपाय तेव्हा स्वतः करून पाहिला नव्हता. इकडचं-तिकडचं वाचायचं, वाक्यं फिरवायची, लेख पाठवून मोकळं व्हायचं.

मग मे महिन्यात तो दिवस आला. रायपूरचं ऊन, पारा चाळिशीपार, घरात कूलर सुरू. मी प्रिंटरच्या टाकीत गुलाबी शाई भरत होते. बाटली निसटली. गालिचावर ताटलीएवढा डाग पडला आणि शेजारी इस्त्रीसाठी ठेवलेल्या आईच्या कोसा साडीच्या पदरावर शिंतोडे उडाले.

ही साडी साधी नाही हो! लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आजीने खास चांप्याहून आणून आईला दिलेली. आजी आता नाही.

मी मेडिकलमध्ये स्पिरिट आणायला धावले. परत येऊन बघते तर आई गालिचावर आणि पदरावर टूथपेस्ट आणि लिंबू चोळत बसलेली. डाग तिप्पट पसरलेला. मी ओरडले, “आई, हे काय करतेस?” तिने मोबाईल पुढे केला. “तूच तर लिहिलंयस!”

खरंच, लेख माझाच होता.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट अभ्यास केला. तेव्हा कळलं, की आपली चूक ‘शाई’ या एका शब्दात आहे. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती स्पिरिटने सुटते. हेअरस्प्रेचा प्रसिद्ध उपायही तिच्यासाठीचा. स्प्रेमधल्या अल्कोहोलमुळे तो चालायचा. टाकीवाल्या प्रिंटरमधली रंगीत शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळलेला रंग असते. काळ्या शाईत अनेकदा रंगाचे बारीक कण असतात, ते धाग्यांत अडकून बसतात आणि जास्त त्रास देतात. लेझर प्रिंटरचा टोनर तर शाईच नाही, ती प्लास्टिकमिश्रित भुकटी आहे. ती उष्णतेने वितळून चिकटते. म्हणून ती कोरडीच झटकायची आणि मग गार पाण्याने धुवायची. गरम पाणी नाही, इस्त्री नाही.

तुमच्या घरी प्रिंटरची शाई सांडली, तर असं करा:

१. चोळू नका, टिपा. पांढरा सुती कपडा किंवा टिश्यू दाबून शाई शोषून घ्या. कडेकडून मध्याकडे या, म्हणजे डाग पसरणार नाही. पंखा, कूलर बंद ठेवा; शाई सुकली की काम अवघड होतं.

२. दोन कप गार पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड मिसळा. कपडा त्यात भिजवून, पिळून डाग टिपा. कपड्याची जागा बदलत राहा, नाहीतर तोच रंग पुन्हा लागेल.

३. उरलेल्या डागासाठी सर्जिकल स्पिरिट. आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यावर लावून बघा. कापडाचाच रंग सुटला तर थांबा. स्पिरिट कपड्यावर घ्या, गालिचावर ओतू नका. ते खाली झिरपून पाठीमागचा गोंद सैल करतं. खिडकी उघडी ठेवा. जवळ गॅस, दिवा, उदबत्ती नको, ते पेट घेतं.

४. शेवटी साध्या पाण्याने टिपून सावलीत वाळवा. डाग पूर्ण जाईपर्यंत ऊन आणि इस्त्री दोन्ही बंद.

रेशीम आणि लोकर यांवर ब्लीच कधीच नको, धागाच खराब होतो. कोसा असेल तर पदराखाली पांढरा कपडा ठेवून कोरडंच टिपा आणि लगेच ड्रायक्लीनरकडे न्या. शाई कसली आहे आणि तुम्ही काय काय लावलंत, हे त्यांना खरं सांगा. आम्ही लिंबाचंही सांगितलं. थोडं लाजतच.

गालिचावर आता फिकट गुलाबी झाक उरली आहे, त्यावर टीपॉय सरकवलं. पदरावर मात्र रुपयाच्या नाण्याएवढा डाग राहिलाच. मी सॉरी म्हटलं, तर आई म्हणाली, “साडीचं मी बघते. तू त्या लेखाचं बघ. दुसऱ्या कुणाची आई पण तेच वाचून करत असेल.”

हे मात्र फार लागलं. दुसऱ्याच दिवशी मी तो लेख छापणाऱ्यांना कळवलं, टूथपेस्ट-लिंबू काढायला लावलं आणि नवा मजकूर फुकट लिहून दिला.

गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आई तीच साडी नेसून गेली. पदराच्या निऱ्या अशा घातल्या, की डाग आत गेला. तो कुठे आहे, ते फक्त आम्हा दोघींना माहीत आहे. आणि आता तुम्हाला!