पुस्तक किती पावलांवर आहे?

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, आपल्या राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. त्या दिवशी कित्येक शाळांतील पुस्तकांचे कपाट उघडते. मुले रांगेत बसतात, हातात पुस्तके दिली जातात, फोटो निघतात. दुपारच्या सुट्टीनंतर पुस्तके मोजून घेतली जातात आणि कपाटाला कुलूप लागते. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

कलाम साहेबांचे स्वतःचे वाचन असे घडले नव्हते. ‘अग्निपंख’मध्ये त्यांनी रामेश्वरमच्या दिवसांविषयी सांगताना एस. टी. आर. माणिकम यांचा उल्लेख केला आहे. या गृहस्थांच्या घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि लहानगा कलाम तिथून पुस्तके घरी घेऊन जाई. ना स्पर्धा, ना प्रमाणपत्र. गावातले एक घर, उघडा दरवाजा आणि पुस्तक घरी नेण्याची परवानगी. आमच्या मते वाचन प्रेरणा दिनी मुलांना सांगण्याजोगी गोष्ट ही आहे, पण भाषणांत ती क्वचितच येते.

आम्ही नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेवर नगरच येते) एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारे तिघे-चौघे शिक्षक आहोत. आमच्या वर्गात आठवी ते दहावीची मुले-मुली असतात. ‘आजकालची मुले वाचत नाहीत, मोबाइलमध्ये बुडालेली असतात’ हे वाक्य आम्ही लग्नाच्या दावतीपासून पालकसभेपर्यंत सगळीकडे ऐकतो. वक्ते लगेच आठवण करून देतात की कुरआनची पहिली वही वाचनाच्या आज्ञेने सुरू झाली. हे आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. प्रश्न असा की जलसा संपल्यावर त्या मुलाने वाचायचे काय आणि आणायचे कुठून?

नगरला ग्रंथालयाची वाण नाही. इथले जिल्हा वाचनालय 1838 सालचे आहे, म्हणजे 1857 च्या उठावाच्याही आधीचे. राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. आमच्या मुलींना हे सांगितले की त्या कौतुकाने ऐकतात. पण ‘तिथे कोण कोण गेले आहे?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुकुंदनगरच्या चौदा वर्षांच्या मुलीला एकटीने शहराच्या मध्यवस्तीत जाऊन पुस्तक बदलून आणायचे तर भाई मोकळा हवा, रिक्षाचे पैसे हवेत आणि अम्मीला कारण पटायला हवे. सातवीपर्यंत ही मुलगी कुठेही धावत जात असे. आठवीत गेली की तिचे जग शाळा, ट्यूशन आणि घर एवढ्यात येते. तिची वाचनाची आवड कमी झालेली नसते, पुस्तक तिच्यापासून लांब गेलेले असते. मुलग्यांचे वेगळे आहे. ते कुठेही जाऊ शकतात, म्हणून कुठेही जातात. गॅरेजवर, क्रिकेटला, चहाच्या टपरीवर. वाचनालय त्या वाटेवर लागत नाही.

कायद्याकडे पाहा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीची पुस्तके हवीत असे स्पष्ट म्हटले आहे. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. ज्या वयात मूल ‘मी कोण, माझे पुढे काय’ असे विचारू लागते, नेमके त्या वयात कायद्याचा हात सुटतो.

नगरहून दोन-अडीच तासांवर, औरंगाबादेत (छत्रपती संभाजीनगर), या अंतरावर एका शाळकरी मुलीनेच तोड काढली. जानेवारी 2021 मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद पडलेल्या असताना, मरियम मिर्झाने आपल्याकडची पुस्तके मोहल्ल्यातल्या मुलांसाठी खुली केली. तिचे वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांचे पुस्तकांचे दुकान आहे, त्यांनी आणखी पुस्तके दिली. पहिली मोहल्ला लायब्ररी सुरू झाली आणि पुढे त्या शहरात अशा तीसच्या वर लायब्ररी उभ्या राहिल्या. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी चारही भाषांची पुस्तके, आणि देवघेव बघणारी मुलेच. बातम्यांत मरियमचे कौतुक ‘छोटी मुलगी, मोठे काम’ असे झाले. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटले ते दुसरेच: तिने लायब्ररी गल्लीत नेली. आठवीतल्या मुलीला ओढणी सावरून दोन मिनिटांत जाऊन परत येता येईल अशा ठिकाणी.

तेच आम्ही इथे लहान प्रमाणात केले. एक पत्र्याची पेटी घेतली, साठ-सत्तर पुस्तके जमवली आणि ती एका विद्यार्थिनीच्या खालाच्या घरी ओसरीवर ठेवली. असरनंतर मगरिबच्या अजानपर्यंत पेटी उघडी. वही नववीच्या दोन मुली सांभाळतात. नियम मुलांनीच केले. एकच नियम आमचा होता, पुस्तक हरवले तर दंड नाही. काही सहकाऱ्यांना हा नियम मुळीच पटला नाही. पण कुलपात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकापेक्षा कुणाच्या तरी उशाखाली फाटलेले पुस्तक आम्हाला परवडते. आणि खरे सांगायचे तर जी पुस्तके परत येत नाहीत, ती बहुधा चांगलीच असतात.

पेटीत काय ठेवावे यावर मात्र आमचा बराच वेळ गेला. उर्दू माध्यमाच्या मुलाची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. लहानपणी त्याला ‘बच्चों की दुनिया’, ‘गुलबूटे’ यांसारखी मासिके मिळतात. तेरा-चौदाव्या वर्षी ती बालिश वाटू लागतात. मोठ्यांचे उर्दू अदब जड जाते. मराठी तर तो परीक्षेपुरती वाचतो, आणि इंग्रजीची धास्ती. तीन भाषांच्या मध्ये उभा राहून तो मोबाइल उघडतो, त्याला दोष कसा द्यायचा?

मुलग्यांसाठी आम्ही इब्ने सफी आणले. 1952 पासून ‘जासूसी दुनिया’ आणि पुढे ‘इमरान सीरिज’ने आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीला वेड लावले होते. हे ‘चांगले साहित्य’ आहे का, अशी शंका एकाने काढली. आमचे मत असे की ज्याला पान उलटायची घाई होते तो वाचक झाला, अदब त्याला पुढे भेटेल. एक वडील तक्रार घेऊन आले, मुलगा अभ्यास सोडून कादंबरी वाचतो म्हणून. पुस्तक हातात घेऊन त्यांनी नाव पाहिले, दोन-चार पाने चाळली आणि विचारले, ‘सर, इसका अगला हिस्सा है क्या?’

मराठीसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उपयोगी पडला. ‘फुरसुंगी’ हे नाव येताच एक मुलगा ओरडला, ‘तिथं तर माझे मामू राहतात!’ पुण्याला जाता-येता पाहिलेले गाव पुस्तकात सापडले आणि मराठीचे भय थोडे सैल झाले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक रद्दीतून मिळाले तर सोडू नयेत. त्यातले उतारे आम्ही वर्गात मोठ्याने वाचतो आणि ऐन रंगात आले की थांबतो. उरलेले पेटीत आहे, असे सांगतो. यापेक्षा मोठा ‘उपक्रम’ आम्हाला सुचलेला नाही. पुस्तक परीक्षण लिहून आणा, असे मात्र कधी सांगत नाही. त्याने वाचनाचा गृहपाठ होतो.

एका पुस्तकाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. ऑगस्ट 1942 मध्ये ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर काँग्रेसच्या नेत्यांना आपल्या नगरच्या किल्ल्यात डांबले. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे मुलांना सामान्य ज्ञानातून माहीत असते. पण त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ लिहिले, हे उर्दू माध्यमाच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली ती पत्रे. 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. भाषा अवघड आहे, फारसी शेर पावलोपावली. नववीच्या मुलांना अख्खे पुस्तक देणे म्हणजे त्यांना पळवून लावणे. म्हणून आम्ही चिमण्यांचा भागच घेतला. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलाना आधी लढाई करतात, मग तह करतात, तांदळाचे दाणे टाकून त्यांना जवळ आणतात, नावेही ठेवतात. फारसी शेर गाळून आम्ही गोष्ट पुढे नेली. वर्गात हशा पिकला. नंतर सांगितले की याच किल्ल्यात असताना, एप्रिल 1943 मध्ये, त्यांच्या बेगम कलकत्त्यात वारल्या आणि त्यांची शेवटची भेटही झाली नाही. मुले एकदम शांत झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तरी रीतसर परवानगी काढून आम्ही मुलांना नेले. नेत्यांच्या कोठड्यांसमोर उभे राहून एक मुलगी वर आढ्याकडे पाहत होती. ‘काय बघतेस?’ विचारले तर म्हणाली, ‘घोसले.’

मराठी आपली नाही असे मनात धरून बसलेल्या मुलांना आम्ही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयीही सांगतो. ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा सतराव्या शतकातला संतकवी आपल्याच जिल्ह्यातला. त्यांचे ग्रंथ मुलांना आज कळणार नाहीत, पण एका मुसलमानाने इतक्या पूर्वी मराठीत एवढे लिहिले हे कळले तरी पेटीतल्या मराठी पुस्तकाकडे हात जरा सहज जातो.

आता आयांविषयी. घरात येणारे पुस्तक कसे आहे याची काळजी आईला वाटणारच, आणि तिची काळजी हसण्यावारी नेणाऱ्यांशी आमचे जमत नाही. आम्ही मुलींना सांगितले, अम्मीला वाचून दाखवा. एक अम्मी साड्यांना फॉल-बिडिंग करतात, शाळा चौथीत सुटली. मुलगी शेजारी बसून वाचते, त्यांचे मशीन चालू असते. त्या आम्हाला भेटल्या तेव्हा मशीनच्या आवाजाची तक्रार करत होत्या. ऐकू येत नाही म्हणून संध्याकाळी तासभर मशीन बंद ठेवावे लागते, कामाचे नुकसान होते. मग म्हणाल्या, ‘लेकिन वो किताब पूरी तो होने दो.’

पेटी सांभाळणाऱ्या दोघींपैकी एकीचे नाते मागच्या महिन्यात आले होते. मुलगा चांगला, घर चांगले. घरात दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी खालाने निरोप पाठवला, मुलीची दहावी आणि मग अकरावी व्हायची आहे, नंतर बघू. असे का ठरले हे आम्ही विचारले नाही. पेटीच्या जोरावर नाती परत जातात, असा दावाही आमचा नाही. खालांनी एवढेच सांगितले की रमजानमध्ये इफ्तारीच्या गडबडीत ओसरीवर मुलांची गर्दी नको, तेवढ्यापुरती पेटीची वेळ बदला. मुलांनी वेळ बदलून जोहरनंतरची केली आहे. ज्यांच्या घरी ‘किशोर’चे जुने अंक किंवा इब्ने सफी पडून असतील, त्यांनी एखाद्या जवळच्या ओसरीचा विचार करावा.