मर्यादवेलीपलीकडचा तंबू

वीस वर्षे आम्ही दोघे वर्गात समुद्राच्या कविता शिकवीत आलो आहोत. महाविद्यालय देशावरचे, विद्यार्थी बहुतांशी उसाच्या पट्ट्यातले. ‘गाज’ म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून द्यावे लागते. आमची स्वतःची समुद्राशी ओळखही सहलीपुरतीच, परतीच्या एस.टी.ची वेळ सांभाळून झालेली. चाळिशी उलटल्यावर या उसनवारीची लाज वाटू लागली आणि एका फेब्रुवारीत तंबू पाठीला बांधून आम्ही गुहागरला उतरलो.

गुहागरची पुळण लांबलचक, जवळजवळ सरळ. मागे सुरूचे बन. (हा सुरू आपल्याला कोकणचा मूळ रहिवासी वाटतो, वस्तुतः तो ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, वारा अडवण्यासाठी लावलेला.) बनात आडोसा होता, पण तिथून लाटा दिसत नव्हत्या, आणि आम्ही तर लाटांसाठीच आलो होतो. तंबू उचलून पुढे नेला. वाटेत वाळूवर पसरलेली एक वेल तुडवली गेली. जांभळी फुले, शेळीच्या खुरासारखी टोकाशी दुभंगलेली पाने. ही मर्यादवेल. भरतीचे पाणी जिथवर पोचते त्याच्या वरच्या अंगाला ती वाढते आणि वाळू धरून ठेवते. किनाऱ्यावरील बांधकामांना आळा घालताना १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषा आधाराला घेतली. भाषेने ती या नावात केव्हाच आखून ठेवली होती. नाव आम्हांला ठाऊक होते. वेल कोणती, हे मात्र नंतर दुसऱ्याने सांगितले तेव्हा कळले.

अंधारा पंधरवडा होता. लहानशा गॅसवर खिचडी झाली. तंबूच्या काठीला बॅटरीवरचा कंदील टांगला आणि बरोबर आणलेल्या संग्रहातून आम्ही आळीपाळीने मोठ्याने वाचू लागलो. समोर समुद्र, हातात समुद्राच्या कविता! इतके सुख वर्गात कधी लाभले नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

साडेदहाच्या सुमारास काळोखातून लाल विजेरीचा ठिपका पुढे आला. “ओ, दिवा घालवा आधी!”

तो कासवमित्र होता. रात्री पुळणीवर गस्त घालणारा. दिवा मालवल्यावर त्याचा आवाज निवळला. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच तो ‘सर, मॅडम’ म्हणू लागला, त्याने आम्ही अधिकच ओशाळलो. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी इथे अंडी घालायला येतात. उजेड किंवा हालचाल दिसली की अंडी न घालताच त्या माघारी वळतात. पिल्ले क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, आमच्यासारखे कोणी असले तर कंदिलाची. हे सारे सांगून त्याने वाळूत विजेरी टेकवली. पाण्याकडून आलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग तंबूपासून वीसएक पावलांवर गोल वळून पुन्हा पाण्यात गेला होता. आम्ही बहुधा तिसरी कविता वाचत होतो तेव्हा.

आम्ही काहीच बोललो नाही. त्यानेच समजूत घातली: “येईल परत. नाहीतर दुसरीकडे चढेल.”

पुढे वाचनात आले की २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरलाच उपग्रह-यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली दुसरी एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. एवढे अंतर तोडून येणाऱ्या जिवाला शेवटची वीस पावले आम्ही नाकारली होती. तीही समुद्रावरील प्रेमापोटी.

त्याच रात्री तंबू बनात नेला, चाचपडत. काड्या टोचल्या, डास चावले, लाटा दिसल्या नाहीत. फक्त गाज ऐकू आली, रात्रभर.

दुसऱ्या पहाटे तो दूरवर गुडघे टेकून बसलेला दिसला. हात कोपरापर्यंत वाळूत, शेजारी बादली. कुत्री-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणातल्या खड्ड्यात हलवायची होती. आम्ही अंतर राखून उभे राहिलो. एकशे चौदा भरली.

“कालचीच का ही?” आम्ही विचारले.

“ती काय नाव सांगून जाते?” तो म्हणाला आणि बादली सांभाळत बनाकडे चालू लागला.