मोकळी खाच

प्लेगचा जीवाणू येर्सिनिया पेस्टिस पिसवेच्या थंड शरीरातून उंदराच्या वा माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत आला की आपल्याभोवती एफ-१ नावाचे दाट आवरण उभे करतो, आणि मग भक्षक पेशींना त्याला गिळणे अवघड जाते. हे आवरण बहुवारिकाचे, म्हणजे कॅफ-१ या एकाच लहान प्रथिनाचे अनेक उपघटक एकामागे एक जोडून झालेल्या लांब तंतूंचे असते. याच जीवाणूची १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ पुढे वऱ्हाडातही आली. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा आगगाडीने दूरवर जात असल्याने मुंबई–नागपूर मार्गावरील धामणगाव रेल्वेच्या मुलखाला हा विषय परका नाही.

या तंतूच्या घडणीतील खरे कसब मात्र पूर्ण झालेल्या तंतूत कुठेच न उरणाऱ्या प्रथिनाचे आहे. कॅफ-१च्या घडीत एक पट्टी मुळातच कमी असते. तिच्या जागी पाणी टाळणारी खाच उघडी राहते, आणि असे रेणू मोकळे सोडले तर ते भलत्या ठिकाणी चिकटून त्यांचा निरुपयोगी गोळा होतो. ही प्रथिने शुद्ध करू पाहणाऱ्याला या गोळ्याशीच आधी झगडावे लागते. जीवाणूच्या आतल्या व बाहेरच्या पटलांमधील जागेत कॅफ-१-एम हे शॅपेरोन, म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला सांभाळणारे प्रथिन, आपली पट्टी त्या खाचेत बसवते, पण घडी पुरती मिटू देत नाही, आणि हे रोखून धरणेच सर्वांत मोलाचे आहे. बाहेरच्या पटलातील कॅफ-१-ए या छिद्रमय प्रथिनापाशी नवा उपघटक येताच त्याचे सुटे टोक आधीच्या उपघटकाच्या खाचेत एका बाजूने शिरत जाते, शॅपेरोनची पट्टी तितकीच सुटत जाते, आणि पेळूतून निघणाऱ्या सुतासारखा तंतू छिद्रातून बाहेर लांबत जातो. पटलांमधील त्या जागेत पेशीचे नेहमीचे ऊर्जाद्रव्य एटीपी नसते. रोखून धरलेली घडी अखेर घट्ट मिटते, त्यातूनच जोडणीला बळ मिळते. हे सारे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण स्फटिकचित्रांतून स्पष्ट झाले.

वाल्डेमार हाफकीन यांनी मुंबईत तुपाचे थेंब तरंगणाऱ्या रश्शात जीवाणू वाढवून, ते तापवून मारून लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचली, तेव्हा या यंत्रणेची कल्पना कोणालाच नव्हती; त्यामुळे त्यांच्या हातोटीविषयी वाटणारा आदर वाढतोच. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीचा प्लेग दिसला, तेव्हा तपासात एफ-१विरुद्धची प्रतिद्रव्ये शोधली गेली. आता लस-संशोधकांनी कॅफ-१च्या स्वतःच्याच शेवटाला ती उणी पट्टी जोडून असा रेणू घडवला आहे, की जो शॅपेरोनवाचून स्थिर राहतो, पण ज्याची खाच आधीच भरलेली असल्याने त्याचा तंतू होत नाही.